२९ मेगाहर्ट्झवर एएम: गच्चीवरच्या डायपोल आणि व्हर्टिकलची खरी तुलना कशी करावी? (इंदूर)

सुदामानगर_गच्ची
नमस्कार हॅम (हौशी रेडिओ) मंडळी. तीन मजली घर, गच्ची जमिनीपासून सुमारे १० मीटर. १०० वॅटचा ट्रान्सीव्हर (पाठवणारा-ऐकणारा सेट), एएमवर (आवाजाप्रमाणे लहरीची ताकद बदलणारी पद्धत) कॅरियर, म्हणजे आवाजाशिवायची मूळ लहर, २५ वॅट. गच्चीच्या वर ३ मीटरवर पूर्व-पश्चिम ताणलेला अर्ध्या लहरीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) आहे, आणि त्यापासून ४ मीटरवर चार रेडियलची (बुंध्याशी पसरलेल्या तारांची) पाव लहरीची व्हर्टिकल (उभी अँटेना). डायपोलला आरजी-२१३ केबल, व्हर्टिकलला जुनी आरजी-५८, दोन्ही २५ मीटर. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ सर्वोत्तम) दोन्हींचा १.५ च्या आत. तरी निकाल रोज बदलतो: कधी डायपोल दोन एस-युनिट (सेटच्या सिग्नल-मीटरवरच्या पायऱ्या) पुढे, कधी व्हर्टिकल. लांबच्या संपर्कासाठी कोणती ठेवावी, आणि ते खात्रीने कसं ठरवायचं?

तांबडी_तार
आधी दोन्हींना केबल सारखी करा. ३० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-५८ दर १०० मीटरला साधारण ८ डेसिबल खाते, आरजी-२१३ साडेतीन-पावणेचार. म्हणजे तुमच्या २५ मीटरमध्ये व्हर्टिकल सुरुवातीलाच एक डेसिबलहून जास्त मागे आहे. तेही केबल चांगली असेल तर. वेणीत (केबलमधल्या तारांच्या जाळीत) पावसाचं पाणी शिरलेली केबल याहून बरंच खाते, आणि वर एसडब्ल्यूआर छान दाखवते, कारण परत येणारी शक्ती वाटेतच संपते. वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजीचा रोध) लावा, दोन्ही टोकांना वॅट मोजा. २५ वॅट सोडल्यावर वर १५-१६ पोहोचत असतील तर केबल ठीक. १०-१२ असतील तर फेकून द्या.

दोन्ही फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) चोक (वेणीवरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) हवाच. नाहीतर केबलची वेणी स्वतःच अँटेना होते आणि तुम्ही दोन केबलांची तुलना करत बसता. १० मीटर बँडपुरता (आपल्या २९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरता) सोपा चोक: ५० मिमी पीव्हीसी पाइपवर आरजी-५८ चे ७ फेरे, शेजारी शेजारी, एकावर एक नाही. साधारण १.२ मीटर केबल लागते. टोकं केबल-टायने घट्ट बांधा. हा चोक एकाच बँडचा आहे, ४० मीटर बँडवर त्याचा भरवसा धरू नका.

मापं तपासून घ्या. २९.० साठी डायपोल टोकापासून टोकापर्यंत ४.९ मीटर, व्हर्टिकल आणि रेडियल प्रत्येकी २.४५. पीव्हीसी आवरणाची घरगुती वायर असेल तर दोन-तीन टक्के कमी येतं, म्हणून ५.१० कापून दोन्हीकडून सारखं छाटत या. रेडियल आडवे ठेवले तर इम्पीडन्स (अँटेनाचा रोध) ५० ओहमच्या बराच खाली राहतो, ४५ अंश खाली झुकवले की ५० च्या जवळ येतो.

काळी_माती
निकाल रोज बदलण्याचं मोठं कारण दिशा आहे. आडवा डायपोल तारेच्या काटकोनात जोरात बोलतो आणि टोकांकडे जवळपास गप्प असतो. इंदूरहून जपानची दिशा उत्तरेपासून सुमारे ६३ अंश, केनियाची २४३. म्हणजे पूर्व-पश्चिम तारेच्या टोकापासून दोन्ही फक्त २७ अंशांवर, तिथे डायपोल साडेआठ डेसिबल खाली. व्हर्टिकलला दिशा नसते, त्यामुळे त्या बाजूला ती जिंकणारच. कोलंबो (१६६ अंश) आणि फिनलंड (३३०) मात्र डायपोलच्या तोंडासमोर येतात. तार वायव्य-आग्नेय केली तर जपान आणि केनिया दोन्ही सुधारतात, पण उत्तर युरोप टोकाशी जातो. तेव्हा कुठे बोलायचं आहे ते आधी ठरवा.

दुसरं, उंची. केनिया सुमारे ५,००० किमी, म्हणजे एफ थराच्या (लहर परत फिरवणाऱ्या वरच्या आयन-थराच्या) दोन उड्या. ३०० किमी उंचीचा थर धरला तर लहर साधारण ७.५ अंशांवर निघावी लागते. त्या कोनात परावर्तन तुमच्या गच्चीवर होत नाही, बरंच लांब होतं: शेजारच्या छतांवर आणि त्यापलीकडे जमिनीवर. म्हणून १३ मीटर ही तुमची कागदावरची उंची. आजूबाजूची घरं तेवढीच असतील तर प्रत्यक्षातली कमी धरा. खांब ३ चा ६ मीटर केला तर या कोनात परावर्तन जमिनीवरून असल्यास १ डेसिबल मिळेल, छतांवरून असल्यास साडेपाचपर्यंत. माझं मत: आधी खांब वाढवा, मग तुलना करा.

सुदामानगर_गच्ची
आभार. पण बोलणारं स्टेशन स्थिर नसतं, फेडिंगमध्ये (सिग्नल वरखाली होत असताना) वाचन कसं घ्यावं? आणि अँटेना ४ मीटरवर आहेत, ते चालेल का?

तांबडी_तार
४ मीटर म्हणजे ०.४ लहर, जवळच आहे. डायपोलवर एसडब्ल्यूआर पाहत राहा आणि व्हर्टिकलच्या केबलचं खालचं टोक आधी उघडं, मग शॉर्ट करून पाहा. काटा हलला तर दोघी एकमेकींत गुंतल्या आहेत, अंतर वाढवा. जागा नसेल तर ज्या स्थितीत काटा कमी हलतो ती स्विचमध्ये कायम ठेवा.

वाचनासाठी २८.२०० मेगाहर्ट्झवरचे आंतरराष्ट्रीय बीकन (ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं) ऐका, सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये. एकेक स्टेशन १० सेकंद, आणि दर तीन मिनिटांनी पुन्हा तेच. कॉलसाइननंतर (स्टेशनच्या ओळख-अक्षरांनंतर) एकेक सेकंदाचे चार डॅश येतात: १००, १०, १ आणि ०.१ वॅट. पायऱ्या नेमक्या १० डेसिबलच्या, त्यामुळे तुमचा एस-मीटर किती खोटं बोलतो तेही कळतं. एस-युनिट ६ डेसिबलचं असावं असा संकेत आहे, पण एस-९ च्या खाली अनेक सेटांत ते तीनच्या आसपास निघतं. तुमचे 'दोन एस-युनिट' म्हणजे १२ की ६, हे आधी ठरू दे. कोलंबोचा ४एस७बी आणि केनियाचा ५झेड४बी चालू असतील तेव्हा धरा. कॉलसाइन चालू असताना दर सेकंदाला स्विच फिरवून फरक लिहा, अशा तीसेक जोड्या जमवा आणि त्यांचा मध्यक घ्या, सरासरी नको. फेडिंगमध्ये एखादं वाचन २० डेसिबलने उडतं आणि सरासरी बिघडवतं.

एएम_मंडळ
एक गोष्ट राहिली. एएममध्ये मीटर मुख्यतः कॅरियर दाखवतो, पण समोरच्याला ऐकू येतात साइडबँड (कॅरियरच्या दोन्ही बाजूंचे, आवाज वाहणारे भाग). मॉड्युलेशन (कॅरियरवर आवाजाची छाप) ३० टक्क्यांवरून ९० वर नेलं की साइडबँड साडेनऊ डेसिबलने वाढतात. एवढं गच्चीवरची कोणतीही अदलाबदल सहज देणार नाही. २५ वॅट कॅरियर बरोबर आहे, कारण पूर्ण मॉड्युलेशनला शिखर चौपट, म्हणजे १०० वॅट. कॅरियर ४० केला तर शिखर १६० मागेल, एएलसी (सेटची शक्ती आपोआप आवरणारं सर्किट) ते दाबेल आणि आवाज घुसमटेल. मायक्रोफोन गेन स्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहून लावा: आकाराची खालची टोकं शून्याला टेकू देऊ नका.

ऐकताना कॅरियरच फेड झाला तर आवाज चिरकतो. सिंक्रोनस डिटेक्टर (हरवलेल्या कॅरियरच्या जागी स्वतःचा देणारी सोय) नसेल तर सेट यूएसबी किंवा एलएसबीवर (वरचा किंवा खालचा एकच साइडबँड ऐकणारे मोड) घेऊन शून्य बीटला, म्हणजे कॅरियरची शिट्टी नाहीशी होईल तिथे, लावा, शब्द परत कळू लागतात.

काळी_माती
वेळही सांभाळा. इंदूर विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या आयन-शिखराच्या पट्ट्याजवळ (जिथे एफ थर जास्त दाट असतो) आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर एफ थर विस्कटतो आणि सिग्नल फडफडतो. त्या तासांतली वाचनं तुलनेत घेऊ नका. आणि ऐकण्याची तुलना वेगळ्या रकान्यात लिहा: शेजारच्या सोलर इन्व्हर्टरचा आणि एलईडी दिव्यांचा आवाज व्हर्टिकल बहुधा जास्त उचलते. पाठवण्यात ती बरोबरीची असूनही ऐकण्यात मागे पडू शकते. तसं झालं तर पाठवायला व्हर्टिकल आणि ऐकायला डायपोल, असा रिले (विजेने आपोआप फिरणारा स्विच) लावणं हाच उपाय. फक्त पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर रिले आधी बसेल आणि आरएफ (रेडिओ शक्ती) नंतर येईल असा २०-३० मिलिसेकंदांचा विलंब ठेवा, नाहीतर संपर्कबिंदू जळतील. ७३ (शुभेच्छा).