मदत हवी आहे : तारीख कशी लिहायची, हा वाद मिटवायचा कसा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं घरच्यांचंच टॉवेलचं छोटं युनिट आहे. छतावर सोलर बसवायचा ठराव चहा संपायच्या आत मंजूर झाला. इन्व्हर्टर, नेट मीटरिंग, कर्जाचा हप्ता, कुणी चकार शब्द काढला नाही. पण एक्सेलमध्ये लॉटची तारीख ०५-०३-२०२५ लिहायची की २०२५-०३-०५, यावर दिवाळीपासून घोळ चालू आहे!

मी वर्ष आधी लिहा म्हणतोय. फाइलच्या नावात तशी तारीख असली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. १९८८ सालचं आयएसओ ८६०१ हे तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही तेच सांगतं. ते दाखवलं, तर धाकटे काका म्हणाले, "मग महिना अक्षरात लिहा की!" झालं, तिसरा पक्ष उभा राहिला.

ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये हेच लिहिलंय : समितीत अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर, सायकल शेडवर पाऊण तास चर्चा. शेड सगळ्यांनाच कळते ना. कारण समजलं हो, उपाय सापडत नाही.

मतदान घेतलं तर काका रुसतील. नोंदी करणाऱ्या ताईंवरच निर्णय सोपवावा का? तुमच्याकडे असं कुणी केलंय का, आणि ज्येष्ठांनी ते ऐकलं का?