करार मे महिन्यात संपतोय, बाळ मार्चमध्ये. रजा किती मिळेल?

नमस्कार मंडळी,
एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

पुण्यात एका खासगी कंपनीत ३ जूनपासून आहे. ११ महिन्यांचा करार, २ मेला संपतो (भाड्याच्या खोलीसारखा! आमच्याकडे बहुतेकांचे असेच आहेत). पहिलंच बाळ, डॉक्टरांनी २८ मार्च तारीख दिलीय. १ मार्चपासून रजा घ्यायचा विचार आहे. ऑफिसात साठेक माणसं. पगार ३१ हजार, त्यामुळे ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) बसत नाही.

एचआरच्या मॅडम म्हणतात, "२६ आठवडे पर्मनंट लोकांना. तुम्हाला करार संपेपर्यंतच." म्हणजे जेमतेम ९ आठवडे! सगळं तोंडी. मेल टाकला की "भेटून बोलू". हे खरं आहे का?

आणि नवऱ्याला काही हक्काची रजा असते का? त्याची कंपनी ३ दिवस देते, पण सरकारी नोकरीतल्या मित्राने १५ दिवस घेतली म्हणे.

प्रतिसाद १
मॅडम चुकतायत. कायदा पर्मनंट आणि कंत्राटी असा भेद करत नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, तुमचं ते केव्हाच झालंय. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली १२ चे २६ आठवडे झाले (पहिल्या दोन मुलांसाठी). आता तोच भाग २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, आठवडे तेच.

तुमच्यासारखंच प्रकरण डॉ. कविता यादव यांचं. रजा सुरू झाली नि लगेच करार संपला. उच्च न्यायालयात हरल्या, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपला तरी पूर्ण २६ आठवड्यांचे पैसे द्यावे लागतील. मात्र गफलत नको: हक्क पैशांचा आहे, करार वाढवून मिळण्याचा नाही.

अर्ज लेखी द्या. रजा कधीपासून आणि तुमच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे, त्याचं नावही लिहा. पोच घ्या.

नवरोबांचं म्हणाल तर १५ दिवस केंद्र सरकारी नोकरांना. खासगीत कायद्याने काहीच नाही, कंपनीची मर्जी.

धागाकर्ती
खूप आभार! म्हणजे १ मार्च ते २९ ऑगस्ट, १८२ दिवस. आज पोचपावतीसकट अर्ज दिला. तासाभरात मॅडम स्वतः जागेवर आल्या: "फेब्रुवारीअखेर राजीनामा द्या, सप्टेंबरमध्ये नवीन करार करू." देऊ का?

प्रतिसाद २
अजिबात नाही! राजीनाम्यावर सही केलीत की तुम्ही स्वतःहून गेलात असं दाखवायला ते मोकळे. "हेच मेलवर लिहून द्या" म्हणा, बघा काय म्हणतात. अडवलंच तर अर्जाची पोच घेऊन कामगार आयुक्त कार्यालय गाठा.

धागाकर्ती
म्हटलं. मॅडम चहा प्यायला गेल्यात.