मदत हवी आहे: काळ्या मातीच्या पांदणीत कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टायर बदलू की उंच करू?

गोदाकाठ_परभणी

गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोल, पुढची चाकं ओढणारी. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची उंची) १९८ मिमी, टायर २१५/६० आर १६, साधे हायवेचे. मानवत तालुक्यात डांबरी सोडली की शेतातल्या आखाड्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर पांदण (शेताकडं जाणारी कच्ची वाट) आहे. सगळी काळी माती, मधे एक ओढा. उन्हाळ्यात काहीच अडचण नाही, पावसाळ्यात गाडी डांबरीलाच लावावी लागते.

घरात यावरून जोरात वाद चालू आहे. चुलतभावाकडं बोलेरो आहे. तो म्हणतो ही एसयूव्ही नाहीच, उंच केलेली हॅचबॅक आहे. धाकटा भाऊ म्हणतो क्लिअरन्स आपल्याच गाडीचा जास्त, मग कमी कशात? दोघंही मोबाईलवर आकडे दाखवायलेत.

गाडी बदलायची नाही, खर्च टायरपुरता करता येईल. तर सांगा:
१. टायर बदलून खरंच फरक पडतो का?
२. स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकून गाडी उंच करावी का?
३. फसलीच तर ट्रॅक्टरचा दोर कुठं बांधायचा?

लोखंडी_चेसी (बीड)

चुलतभाऊ बरोबर आहे. एसयूव्ही म्हणजे खाली लोखंडी चेसी (वेगळा सांगाडा) पाहिजे आणि ताकद मागच्या चाकांना पाहिजे. डिकीत खताची चार पोती टाकली की मागचा भाग दबतो, मागची चाकं जमीन धरतात. तुमच्या गाडीत तीच पोती टाका, पुढचा भाग हलका होईल आणि पुढचीच चाकं ओढणारी असल्यामुळं गाडी जागेवर फिरकी घेईल. चढावर तर आणखी वाईट, कारण वजन मागं सरकतं.

डांबर_ते_धुरा (जालना)

पोती टाकल्यावरचं खरं आहे, पण रिकाम्या गाडीचं काय? रिकामी बोलेरो ओल्या काळ्या मातीत मागून हलकी पडते आणि शेपूट फिरवते. रिकामी फ्रंट व्हील ड्राइव्ह इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवर घेऊन चालते, त्यामुळं बऱ्याच वेळा ती सरळ निघून जाते. चेसीमुळं मजबुती येते, खड्ड्यात गाडी पिळली गेली तरी वर्षानुवर्षं टिकते. पण चेसी चिखल धरत नाही, चिखल टायर धरतो. टाटा नेक्सॉनचा क्लिअरन्स २०८, बोलेरोचा १८०. हे आकडे उगाच छापलेले नाहीत.

लोखंडी_चेसी (बीड)

१८० कुठं मोजलेत ते बघा. बोलेरोला मागं अखंड एक्सल आहे, त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा सगळ्यात खाली असतो आणि आकडा तिथला असतो. बाकी पोट त्याच्यापेक्षा वर. गोळा चाकोरीच्या मधल्या उंचवट्यातून माती कापत जातो. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसी नसलेल्या गाडीचं पोट सपाट असतं, ते उंचवट्यावर टेकलं की चाकं अधांतरी.

चाकोरी (हिंगोली)

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. नावाचा वाद आधी मिटवतो. जीएसटीच्या जुन्या सेस (जादा कर) नियमात एसयूव्ही म्हणजे लांबी ४००० मिमीपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं आणि रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स १७० मिमी किंवा जास्त. त्या हिशोबानं चार मीटरच्या आतली एकही गाडी एसयूव्ही नाही. पण थार आणि जिमनी दोन्ही ३९८५ मिमीच्या, म्हणजे त्याही नाहीत! नांगरलेल्या रानातून जाणारी थार ज्यात बसत नाही, त्या व्याख्येवर पांदणीचा निर्णय कसा घ्यायचा? तो सगळा कराचा हिशोब होता. सप्टेंबर २०२५ पासून तर दरच बदललेत.

आता माती. मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. हायवे टायरच्या बारीक खाचा चाकाच्या पहिल्या चार-सहा फेऱ्यांतच भरतात, मग टायर म्हणजे गुळगुळीत मातीचा गोळा. तिथं तुमचं १९८ काय आणि थारचं २२६ काय. हायवे टायरवरचा फोर बाय फोरसुद्धा या मातीत अडकतो, फक्त जरा पुढं जाऊन.

दुसरं म्हणजे डिफरन्शियल. साध्या ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढीच कमी ताकद मिळते, म्हणून एक चाक फिरत राहतं आणि गाडी उभी. काही गाड्या घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडं ढकलतात. त्यानं फायदा होतो, पण दाट चिखलात कमी. बोलेरो निओच्या एन१० (ओ)मध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो, ती चुलतभावाच्या बाजूची खरी मजबूत गोष्ट आहे. साध्या बोलेरोत तो नाही. आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीतला ‘मड मोड’ फक्त ॲक्सिलरेटर आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं वागणं बदलतो. मागच्या चाकांना त्यानं काही मिळत नाही.

टायर: फरक पडतो, घ्या. २१५/६० आर १६ चा व्यास साधारण ६६४ मिमी. २१५/६५ आर १६ मध्ये ए/टी (ऑल टेरेन, मोठ्या खाचांचा) घेतलात तर व्यास ६८६, म्हणजे गाडी ११ मिमी खरोखर उचलली जाते आणि स्पीडोमीटर तीन टक्के कमी दाखवतो. पण तेवढीच जागा चाकाच्या कमानीत कमी होते. काळी माती तिथंच ठासते, चाक जाम होतं, प्लॅस्टिकच्या लायनरच्या क्लिपा तुटतात, एबीएस सेन्सरची वायर ओढली जाते. म्हणून आधी एकच टायर बसवून स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवा, चार माणसं बसवून पुन्हा फिरवा. घासत असेल तर मूळ मापातच जास्त खाचांचा टायर बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ए/टीला डांबरीवर आवाज येतो, मायलेज थोडं कमी होतं, ते धरून चाला.

बफर: टाकू नका. रिकाम्या गाडीत त्यानं फारशी उंची मिळत नाही, फक्त ओझ्यानं बसणं कमी होतं. स्प्रिंग कडक झाली की खड्ड्यात चाक जमिनीपासून सुटतं, म्हणजे आहे ती पकडही जाते. स्पेसर (जाड चकती) लावून उंच केली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो. बूट फाटला, चिखल आत गेला की त्या सांध्याचं, म्हणजे सीव्ही जॉइंटचं, काम निघालंच समजा.

गोदाकाठ_परभणी

चाकोरीजी, फार उपयोगाचं सांगितलंत. हवा कमी करून चालवतात म्हणे, ते आपल्याकडं चालतं का? आणि ओल किती असेपर्यंत गाडी घालू नये?

चाकोरी (हिंगोली)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: वाफसा. ज्या दिवशी रानात कुळव चालतो, त्या दिवशी पांदणीत गाडी चालते. मूठभर माती दाबा. बोटाला चिकटून लांबली तर नाही, गोळा होऊन दाबल्यावर फुटला तर चालेल. पांदण रानापेक्षा उशिरा वाफशाला येते, कारण ट्रॅक्टरनं ती दाबलेली असते आणि चाकोरीत पाणी साचून राहतं.

हवा: ३३ ची २२ पीएसआय करा, त्याखाली नको. १८ च्या खाली वळताना ट्यूबलेस टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असताना ताशी ३० च्या वर जाऊ नका. डांबरीला लागण्याआधी हवा भरायची, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत हवाच. वरचा थर निसरडा आणि खाली मुरूम कडक असेल तर हवा कमी करू नका, तिथं टायरनं थर कापून खाली टेकायला पाहिजे.

जाताना काठीवर १५ सेंटीमीटरची खूण करून मधला उंचवटा मोजा. खुणेच्या वर गेला तर चाकोरीत उतरू नका. एक चाक उंचवट्यावर, दुसरं कडेला ठेवा. माणसं आणि सामान भरल्यावर दोन-तीन सेंटीमीटर गाडी सहज बसते, म्हणून १९८ मधून तेवढं आणि वर थोडी मोकळीक वजा धरलीय. दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक घसरताच तो इंजिनची ताकद कापतो आणि गाडी तिथंच बसते. डांबरीवर आलं की लगेच चालू. निसरडा चढ पुढून निघत नसेल तर रिव्हर्समध्ये चढा, मग वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. क्लचचा वास आला की थांबा.

धुऱ्यावरचा_मिस्त्री (नांदेड)

तिसरा प्रश्न राहिला, आणि जीव त्यातच जातो.

डिकीत जॅकच्या सामानात लोखंडी टो हुक असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो पूर्ण आत आवळायचा, शेवटी चाकपाना त्यात घालून कसायचा. अर्ध्या आट्यांवर ठेवला तर मोडून दगडासारखा उडतो. हा हुक सरळ ओढीसाठी आहे, तिरपा ओढला की वाकतो. लोअर आर्म, टाय रॉड, मागचा बीम, बंपरची पट्टी इथं दोर बांधायचा नाही. साखळी नको, ती जराही लांबत नाही, हिसका सरळ हुकला बसतो. किमान पाच टन ताकदीचा नायलॉन पट्टा घ्या, मधोमध त्यावर ओलं बारदान टाका आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभी करा.

ट्रॅक्टरला दोर खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीला). टॉप लिंकला (वरच्या दांडीला) किंवा एक्सलच्या वर बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन ड्रायव्हरवर उलटू शकतो. लो पहिल्या गिअरमध्ये आधी दोर ताणून घ्यायचा, मग ओढायचं. हिसका बिलकूल नाही. ओढण्याआधी चाकांसमोरची आणि पोटाखालची माती खोऱ्यानं काढा. गाडी आली त्याच दिशेनं मागं ओढा, तिकडं चाकोरी तयार असते.

चाकाखाली बारदान, चपटे दगड चालतात. पऱ्हाट्या आणि तुराट्या नको, त्या टायरच्या बाजूला आणि ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाला भोसकतात. वाळलेलं पाचट तर मुळीच नको. पोटाखाली गोळा होऊन तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर गाडी पेट घेते.

डांबर_ते_धुरा (जालना)

ओढ्याचं कुणीच बोललं नाही. टाटा पंचसाठी कंपनी ३७० मिमी पाण्याचा आकडा देते, थारसाठी ६५०. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर चाकाच्या अर्ध्यापेक्षा कमी, तेही साचलेलं पाणी. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीसुद्धा हलक्या गाडीला सरकवते, पुलावरून पाणी असेल तर थांबाच. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घेतलंय का तेही बघा, साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही.

लोखंडी_चेसी (बीड)

चाकोरीजींचं डिफरन्शियलचं मान्य. साधी बोलेरोही एक चाक अधांतरी झालं की उभी राहते. तरी रोजची खताची, दुधाची वाहतूक असेल तर मी चेसीच घेईन, पाच वर्षांनी सस्पेन्शनच्या बिलात फरक दिसतो.

गोदाकाठ_परभणी

बफर रद्द. एक टायर बसवून कमान तपासतो, कॉम्प्रेसर आणि पट्टा घेतो. चिखलातून आल्यावर काही करायचं असतं का, की नुसती धुतली तरी चालते?

धुऱ्यावरचा_मिस्त्री (नांदेड)

त्याच दिवशी धुवा, वाळली की ही माती सिमेंट होते. चाकाच्या कमानी आणि रिमची आतली बाजू आधी. रिममध्ये एकाच बाजूला गोळा राहिला तर ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करून येतात. रेडिएटर आणि एसीच्या जाळीवर जोराचा फवारा मारू नका, पत्रे वाकतात. साध्या नळीनं. मग पुढची चाकं पूर्ण वळवून टॉर्चनं दोन्ही बूट बघा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय, त्याच आठवड्यात बदला. टो हुकच्या आट्यांना ग्रीस लावून ठेवा आणि तो एकदा घरीच बसवून बघा, काही गाड्यांत उलट्या आट्या असतात.