मदत हवी आहे: रबर माउंटसाठी कोणतं मटेरियल मॉडेल? हातात फक्त टेन्साइल टेस्ट आहे

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइनचं काम बघतो. जनरेटरखाली बसणारे रबर माउंट आम्ही बनवतो. सध्याचा माउंट म्हणजे ५० मिमी व्यासाचा, ४० मिमी उंचीचा रबराचा दंडगोल, वर-खाली स्टीलच्या चकत्या चिकटवलेल्या. रबर नैसर्गिक, कार्बन ब्लॅक घातलेलं, कडकपणा शोअर ए मापावर ६०.

लॅबकडून डंबेलची (मध्ये अरुंद असलेल्या रबरपट्टीची) टेन्साइल टेस्ट, म्हणजे ओढण्याची चाचणी मिळाली, ३०० टक्क्यांपर्यंत ओढलेली. त्यावर दोन स्थिरांकांचं मूनी-रिव्हलिन हे मटेरियल मॉडेल (रबर किती ताणलं की किती जोर लागतो ते सांगणारं सूत्र) बसवलं. सी१० आलं ०.६२ आणि सी०१ उणे ०.१४ मेगापास्कल. वक्र बरा बसला म्हणून पुढे गेलो. माउंट १० मिमी दाबायला एफईएत (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून संगणकावर केलेल्या गणितात) १.९ किलोन्यूटन लागतात, प्रेसखाली मोजले तर २.४. १२ मिमीच्या पुढे तर कन्व्हर्जच होत नाही, गणित उत्तराला पोचतच नाही. चकतीच्या कडेला रबर पोटासारखं बाहेर येतं, तिथलेच एलिमेंट आधी पिळवटतात. हायब्रिड एलिमेंट (रबरासारख्या आकारमान न बदलणाऱ्या पदार्थांसाठीचे) घेतले, मेश म्हणजे एलिमेंटची जाळी दोनदा बारीक केली. काही फरक नाही.

तीन टर्मचं ऑग्डेन हे दुसरं मॉडेल वक्राला अगदी चिकटून बसतं, पण तेच मला खटकतंय. ओढून मिळालेल्या आकड्यांवर दाबाचं उत्तर मागतोय ना आपण! यिओ मॉडेल घ्यावं का? बायएक्सियल टेस्ट (एकाच वेळी दोन दिशांना ओढण्याची) करणारं माझ्या ओळखीत कोणी नाही. माउंट एका दवाखान्याच्या जनरेटरखाली जाणार आहे, अंदाजावर सोडायचा नाही.

प्रतिसाद

भाऊ, मेशला हात लावू नका. घोळ त्या उणे सी०१ चा आहे. ताणाच्या सूत्रात सी०१ ला लांबीच्या गुणोत्तराने (आताची लांबी भागिले मूळ लांबी) भागतात. ओढताना गुणोत्तर वाढतं, सी०१ चा वाटा घटतो, म्हणून चूक दिसत नाही. दाबताना गुणोत्तर एकाच्या खाली जातं आणि तोच उणा आकडा रबर मऊ पाडतो. तुमचे ०.५ किलोन्यूटन बहुतेक तिथेच गेले.

यिओ घ्या. ते फक्त पहिल्या इन्व्हेरियंटवर (तिन्ही दिशांच्या लांबी-गुणोत्तरांच्या वर्गांच्या बेरजेवर) चालतं, त्यामुळे एकाच टेस्टवर बसवलं तरी दाबात सहसा भरकटत नाही. मात्र फिटसाठी १०० टक्क्यांपर्यंतचेच आकडे द्या. पुढचा वर चढणारा भाग सगळा फिट स्वतःकडे ओढतो. यिओच्या तीन स्थिरांकांपैकी सी२० उणं आलं तर घाबरू नका, सी१० आणि सी३० धन हवेत. ऑग्डेनबद्दलची शंका रास्त आहे. ट्रेलोर यांचे रबराच्या चाचण्यांचे १९४४ चे आकडे घ्या, फक्त ओढीच्या वक्रावर ऑग्डेन बसवा आणि बायएक्सियलचा अंदाज काय येतो ते स्वतः बघा.

एक विचारतो: प्रेसखालचे २.४ पहिल्या दाबाचे की चौथ्या-पाचव्या? कार्बन ब्लॅकचं रबर पहिल्यांदा ताठ असतं, नंतर मऊ पडतं. मलिन्स इफेक्ट तो हाच.

धागाकर्ता

पहिल्याच दाबाचे होते! आज तोच माउंट पाच वेळा दाबला. पाचव्या वेळी २.१ आले. म्हणजे ज्या आकड्याशी ताडून पाहत होतो तोच पक्का नव्हता. यिओ १५ मिमीपर्यंत विनातक्रार चालतंय, १० मिमीला २.३ देतंय. पण डंबेलचे आकडेही पहिल्याच ओढीचे आहेत. पाच फेऱ्यांनंतरचा वक्र लॅबला मागितलाय, आला की इथेच टाकतो. नागपुरात कोणाच्या यूटीएमवर (ओढ-दाब चाचणीच्या यंत्रावर) सपाट कॉम्प्रेशन प्लेट असतील तर कृपया सांगा, रबराच्या चकत्या तेल लावून दाबून बघायच्या आहेत.