मदत हवी आहे : साथीच्या काळातल्या रुग्णसमाधानाची प्रश्नावली

विलगीकरण कक्षातून घरी गेलेल्या रुग्णांसाठी सर्वेक्षण आखतोय. आधार सर्व्हक्वालचा घेतलाय, म्हणजे सेवेचा दर्जा मोजणारी 1988 ची 22 विधानांची मापनपट्टी: भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वस्तता आणि सहानुभूती. अपेक्षा आणि अनुभव वेगवेगळे विचारायचे, अनुभवाच्या गुणांतून अपेक्षेचे वजा करायचे.

खरी अडचण इथेच आहे. साथीत माणूस घाबरून दाखल होतो, खाट आणि ऑक्सिजन मिळाला तरी पुष्कळ, एवढीच अपेक्षा असते. मग फरक अधिक येतो आणि सेवा उत्तम असल्यासारखी दिसते. शिवाय अपेक्षा घरी गेल्यावर विचारली तर उत्तरात अनुभव मिसळतोच. फक्त अनुभवाचे गुण ठेवावेत का?

सहानुभूतीची विधानंही जशीच्या तशी चालत नाहीत. पीपीई किटमध्ये चेहरा दिसत नाही, आवाज दबतो. ‘नर्सने आपलं नाव सांगितलं का’, ‘घरच्यांना रोज फोनवर प्रकृती कळवली का’, ‘बेल वाजवल्यावर कोणी किती वेळात आलं’ असे प्रश्न घालतोय. आणखी काय हवं?

सर्वेक्षणाचा फोन वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी करायचा नाही, हे पक्कं. पुन्हा तिथेच जावं लागेल या भीतीने लोक गोडच बोलतात. घरी गेल्यावर 48 तास ते 6 आठवडे ही मुदत धरली आहे. दगावलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना मात्र कधी आणि कसं विचारावं? त्यांना वगळलं तर सगळं चित्रच खोटं ठरेल. हे काम केलेल्यांनी कृपया प्रश्नांच्या नेमक्या शब्दांसह सांगावं.