मागचा लाइट चालू होता, तरी पिकअपवाला म्हणतो दिसलाच नाहीत. नेमकं काय चुकतंय?

मखमलाबादचा_सायकलवाला:

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. मखमलाबादला राहतो, अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गेली चार वर्षं कामावर सायकलने जातो. चोपडा लॉन्सचा पूल, जेहान सर्कल, एबीबी सर्कल, मग त्र्यंबक रोडने पपया नर्सरी आणि तिथून अंबड-सातपूर लिंक रोड, असा साधारण १३ किलोमीटरचा रस्ता. पहिली पाळी सातची, म्हणून सहाच्या आत घर सोडतो. सध्या उजाडायलाच सात वाजतात, त्यामुळे जवळजवळ सगळा रस्ता अंधारात.

मागच्या मंगळवारी लिंक रोडला भाजीचा पिकअप मागून आला आणि इतका खेटून गेला की त्याच्या फाळक्याची कडी माझ्या हँडलला लागली. मी डांबरावरून खाली खडीत. तिथे डांबराची कड जवळजवळ वीतभर उंच आहे, पुढचं चाक त्या कडेत अडकून वाकडं झालं. कोपर आणि गुडघा सोलला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, हेल्मेटला मात्र चीर गेली.

पिकअप थांबला, हे मुद्दाम सांगतो. विशीतला पोरगा होता, हात थरथरत होते त्याचे. माझी सायकल उचलून उभी केली आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "काका, तुम्ही दिसलाच नाहीत. आईशपथ नाही दिसलात." तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. आणि तेच मनातून जात नाहीये. कारण मागचा लाल लाइट चालू होता, घरून निघताना मी रोज बघतो. अंगात पोपटी जॅकेट होतं. आणि मी पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून, अगदी कडेने चाललो होतो.

मग दिसलो कसा नाही? अजून मोठा लाइट घ्यावा का? बायको म्हणते, आता पुरे झालं, स्कूटर काढा. मला सायकल सोडायची नाही. चार वर्षांत शुगरची एक गोळी कमी झाली आहे. पण तिला पटेल असं काहीतरी ठोस करायला हवं. पोलिसात तक्रार केली नाही, करायला हवी होती का तेही सांगा.

ब्रेव्हेवाला:

दादा, आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच घ्या. खडीतली जखम आहे. आणि चीर गेलेलं हेल्मेट पुन्हा घालू नका, त्याचं काम एकदाच असतं.

मोठा लाइट घेण्याआधी एक गोष्ट करा, पैसे लागत नाहीत. संध्याकाळी अंधार पडला की कामाला जाताना जसे असता अगदी तसेच तयार व्हा. जॅकेट, डबा, पिशवी, सगळं. सायकलवर बसा, एक पाय ओट्यावर टेकवा, हात हँडलवर. वहिनींना मागे ५० पावलांवर उभं करा, मग १०० पावलांवर. त्यांना काय दिसतं ते विचारा आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगा. आपण आपल्याला मागून कधीच बघत नाही.

पोपटी जॅकेटबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तो रंग दिवसा झगझगतो, कारण उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण तो दिसणाऱ्या उजेडात बदलतो. गाडीच्या हेडलाइटमध्ये तसे किरण नसल्यातच जमा, त्यामुळे रात्री तो कपडा इतर कुठल्याही फिक्या कपड्यासारखाच. अंधारात उपयोगी पडते ती चंदेरी पट्टी. उजेड जिकडून आला तिकडेच ती परत फेकते. तुमच्या जॅकेटवर ती आहे का, आणि धुऊन धुऊन तिचे पोपडे गेलेत का, हे बघा.

आणि पट्टी पाठीवर असली तरी घोट्यांवर लावाच. पाठीवरची पट्टी स्थिर असते. लांबून बघणाऱ्याला ती रस्त्याकडेचा खांब वाटू शकते. दोन ठिपके आळीपाळीने वर-खाली व्हायला लागले की मात्र पेडल मारणारा माणूस आहे हे लगेच ओळखू येतं. माझ्या मते सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू हीच.

लाइट मागे दोन ठेवा. एक सतत जळणारा, एक लुकलुकणारा. लुकलुकणाऱ्याकडे लक्ष जातं, पण अंधारात त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. ते काम स्थिर लाइट करतो. आम्ही बीआरएम करतो, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड; ३०० किलोमीटरला २० तास मिळतात, म्हणजे रात्र टळत नाही. तिथे पुढे-मागे लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर अंधारात चालवूच देत नाहीत.

आपल्या नाशिकच्याच डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, ते बघून मी सायकल घेतली होती. त्या शर्यतीत रात्री स्वाराच्या मागे त्याची स्वतःची गाडी दिवे लावून चालते. आपल्या मागे असते ती अनोळखी माणसाची गाडी. त्याला काय दिसतंय याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

स्टिअरिंगवर_३१_वर्षं:

मी सायकलवाला नाही. ट्रक चालवला, आता निवृत्त आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय.

तो पोरगा खरं बोलला असणार. पहाटे समोरून कोणी अप्पर मारत आला की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे काही राहत नाही. ५० च्या स्पीडने गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. म्हणजे ३०-४० मीटर आम्ही निव्वळ अंदाजाने चालवतो. थंडीत काचेवर दव, त्यावर धूळ, वायपर फिरवला की चिखलाचा पडदा. तेवढ्यात कडेला एक बारीक लाल ठिपका असला तर तो दिसेलही, पण तो काय आहे हे कळायच्या आत गाडी तिथे पोचलेली असते. दिसणं वेगळं, कळणं वेगळं.

आता जे सांगतो ते सायकलवाल्यांना पटत नाही. अगदी कडेने चालू नका. तुम्ही पट्टीच्या बाहेर असलात की आमच्या डोक्यात येतं, "बसतंय". मग पाय अॅक्सिलरेटरवरून निघत नाही, स्टिअरिंग हलत नाही, गाडी आहे त्या रेषेत तुमच्या कानाजवळून जाते. तुम्ही कडेपासून दोन हात आत असलात, मीटरभर धरा, तर लांबूनच कळतं की बसत नाही. मग आम्हाला ठरवावंच लागतं. एक तर पलीकडून वळसा घालायचा, नाहीतर मागे थांबायचं. चालक चिडेल, हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. हॉर्न वाजला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं. आणि आत चालल्याने डाव्या हाताला तुमच्यासाठी थोडी जागा उरते. तुम्ही कडेवरच होता, म्हणून धक्का लागल्यावर जायला खडीच होती.

एमआयडीसीत कंटेनर असतात म्हणून एक विनंती. सिग्नलला किंवा कंपनीच्या गेटपाशी मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नका. चालक उजवीकडे उंचावर बसलेला असतो, कॅबिनच्या डाव्या दाराखालचं त्याला काही दिसत नाही. गाडी डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत येतात. माझ्या आरशात माझा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही मला दिसत नाही. मागे थांबा. दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

मखमलाबादचा_सायकलवाला:

काका, तुमचं लिहिणं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. मनापासून आभार.

ब्रेव्हेवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं काल करून बघितलं. ५० पावलांवरून बायको म्हणाली, "काहीतरी गुलाबी दिसतंय." १००वरून म्हणाली, "लाइट लावलाय का?" लावलेला होता.

फोटो मोठा करून बघितला तेव्हा सगळं उलगडलं. लाइट सीटखालच्या दांड्यावर आहे. कॅरिअरवर डब्याची पिशवी बांधली की ती लाइटच्या बरोबर समोर येते. वरून मी वाकून बसलो की विंडचीटरची मागची कड उरलेल्या भागावर येते. क्लॅम्प सैल होऊन लाइट जमिनीकडे कलला होता. काचेवर अंगठा फिरवला तर काळा चिकट थर निघाला, चेनचं तेल आणि लिंक रोडची धूळ. चार वर्षं रोज निघताना मी तो लाइट बघत होतो, पण बाजूने. फरशीवर लाल उजेड पडलेला दिसायचा आणि मी निश्चिंत व्हायचो. मागच्या माणसाला मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्या पोराचा नंबर घेतला असता तर आज त्याला फोन करून सांगितलं असतं.

पेठरोडची_शिक्षिका:

दादा, थोडक्यात वाचलात. मीही रोज शाळेत सायकलनेच जाते, म्हणून माझे दोन शब्द.

काकांचं मीटरभर आत चालणं मला पूर्ण पटतं, पण त्यात एक धोका आहे. खड्डा आला किंवा उभी गाडी आली म्हणून अचानक आत येऊ नका. सुरुवातीपासूनच त्या रेषेत राहा. उभ्या गाड्यांच्या रांगेपासूनही तेवढंच अंतर ठेवा. गेल्या वर्षी एका कारचं दार माझ्या पुढ्यात उघडलं, आणि मी वाचले ती केवळ त्या अंतरामुळे. लेन बदलायची असेल तर मी आधी मान वळवून मागे बघते, पूर्ण, चेहरा दिसेल अशी, आणि मगच हात दाखवते. नुसत्या हाताने जे होत नाही ते मागे बघण्याने होतं. मागचा चालक आपोआप सावध होतो. उजव्या हँडलला छोटा आरसा लावलाय, पण तो मान वळवण्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला.

दुसरी पाळी असेल तेव्हा सध्या अंबडला जाताना तुम्हाला उन्हाचा त्रास नसेल. पण संध्याकाळी पाच-साडेपाचला त्र्यंबक रोडने सातपूरकडे जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर थेट सूर्य येतो. तेव्हाही मी लाइट लावते, दिवसाउजेडी.

तक्रारीचं म्हणाल तर पुढच्या वेळी, न येवो, पण दुखापत असेल तर ११२ ला फोन करून नोंद कराच, रुग्णवाहिकेला १०८. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर २०२२ पासून केंद्राची भरपाई योजना आहे. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. पोलिसात नोंद नसेल तर त्यातलं काही मिळवणं अवघड.

मखमलाबादचा_सायकलवाला:

ताई, नोंद करायचं लक्षात ठेवतो.

आत्तापर्यंत केलेलं सांगतो. जुना लाइट पुसून डब्याच्या पिशवीच्याच मागच्या बाजूला शिवून घेतला. बायकोनेच पट्टा शिवला, म्हणजे पिशवी कशीही बसली तरी लाइट तिच्या मागेच राहतो. दुसरा लुकलुकणारा हेल्मेटच्या मागे. मडगार्डला आणि कॅरिअरच्या दोन्ही दांड्यांना ट्रकला लावतात ती लाल चिकटपट्टी, द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मीटरवर कापून मिळाली. घोट्यांना चंदेरी पट्टे. हेल्मेट नवीन. रोज निघताना आता लाइट मागे जाऊन, वाकून बघतो आणि काच पुसतो. पुन्हा चाचणी घेतली, १०० पावलांवरून बायको म्हणाली, "पाय दिसतायत तुमचे."

काल आणि आज पहिली पाळी केली. मीटरभर आत चालताना सुरुवातीला फार भीती वाटली, पाठीत कळ येईपर्यंत अंग आखडलं होतं. लिंक रोडला सहा-सात हॉर्न खाल्ले. पण दोन्ही दिवस प्रत्येक गाडी वळसा घालून गेली, एक कंटेनर तर समोरची गाडी जाईपर्यंत माझ्या मागे थांबला. मी खडीवाल्या तुकड्याच्या पुढे निघाल्यावर हात वर करून त्याला आभार दाखवले, त्याने डिप्पर दिला.

पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, रात्री बाराला सुटते. तेव्हा लिंक रोडला कंटेनर रांगेने उभे असतात, पार्किंग लाइट न लावता, आणि मला त्यांना उजवीकडून ओलांडावं लागतं. काका, तिथे किती आधीपासून आत यावं?

स्टिअरिंगवर_३१_वर्षं:

पहिला कंटेनर दिसला की तिथूनच, आणि शेवटचा मागे पडेपर्यंत परत डावीकडे येऊ नका. दोन कंटेनरच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरलात की पुन्हा बाहेर यावं लागतं, आणि मागच्याला तुम्ही तेव्हाच एकदम दिसता. पुढचा लाइट चांगला ठेवा, खालच्या बाजूला वळवलेला. उभ्या कंटेनरखाली क्लीनर झोपलेला असतो, पाय बाहेर असतात त्याचे.