ट्रकच्या इंजिनातील कूलंट कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही

प्रश्न : ट्रकमालक, शिरोळ

नमस्कार. माझ्याकडे बीएस-४ मानकाचा दहा चाकी ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बो आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) असलेले, ओल्या लायनरचे (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागते असे) आहे आणि गाडी आजवर ४ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. कारखान्यावरून साखर भरून वाशीच्या बाजारात पोचवायची आणि येताना कळंबोलीहून शिरोलीच्या कारखानदारांसाठी लोखंड आणायचे, असा नेहमीचा फेरा असतो. जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते.

गेल्या तीन महिन्यांपासून प्रत्येक फेरीत सुमारे दोन लिटर कूलंट कमी होत आहे. गाडी रात्रभर उभी केली तरी खाली थेंब पडत नाही. तापमानाचा काटा बोरघाट किंवा खंबाटकी चढतानासुद्धा वर जात नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ झालेले नाही आणि ताकदही कमी झालेली नाही. रेडिएटरचे दोन्ही होज पाईप, सर्व क्लिपा आणि कूलंटच्या टाकीचे झाकण बदलून झाले, तरी फरक पडला नाही.

दोन गॅरेजवाल्यांनी गाडी पाहिली आणि दोघांनीही हेड गॅस्केट (सिलिंडरवरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा थर) गेले असल्याचे सांगून हेड उतरवण्याचा सल्ला दिला. एवढा खर्च करण्यास माझी तयारी आहे, परंतु गॅस्केटच गेले आहे याचा पुरावा कोणीही दाखवू शकलेले नाही. हेड उतरवण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त प्रमुख कारागीर, एसटी कार्यशाळा, सांगली

नमस्कार. आपण हेड उतरवण्याआधी थांबलात, हे योग्य केलेत. हेड एकदा उघडले की गॅस्केट मुळात दोषी होते की नव्हते, हे नंतर सांगता येत नाही, कारण जुने गॅस्केट काढताना फाटतेच आणि फाटलेले गॅस्केट पाहून कारागीर आणि मालक या दोघांचेही समाधान होते. मग नवे गॅस्केट बसते, आणि पुढच्या फेरीत कूलंट पुन्हा कमी होते. असे मी नोकरीच्या काळात अनेकदा पाहिले आहे.

पहिली तपासणी दाबाची करा. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, झाकणाच्या जागी हातपंप व दाब दाखवणारे घड्याळ लावून, झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असेल तेवढाच दाब भरावा आणि अर्धा तास वाट पाहावी. त्यानंतर इंजिन चालवून कोमट करून हीच तपासणी पुन्हा करावी. दोन्ही वेळा का, तर काही सांधे गार असताना पाझरतात आणि धातू तापून फुगला की बंद होतात, तर हेडमधील बारीक भेगा गार असताना मिटलेल्या असतात आणि तापल्यावरच उघडतात. एकाच वेळी तपासून निर्णय घेतला तर यांपैकी एक प्रकार हमखास सुटतो.

तपासताना वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला असलेले छोटे छिद्र आरशात पाहावे. पंपाचे सील झिजले की पाणी तेथून बाहेर येते, परंतु चालत्या गाडीत ते गरम ब्लॉकवर पडून वाळून जाते आणि मागे फक्त पांढुरका किंवा कूलंटच्या रंगाचा थर राहतो. वेल्श प्लगच्या (ब्लॉकची छिद्रे बंद करणाऱ्या पत्र्याच्या बुचांच्या) कडा, टर्बोला जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या आणि केबिन हीटर असल्यास त्याचे पाईप हेही याच नजरेने पाहावेत. ओला थेंब शोधू नका, वाळलेला डाग शोधा.

ऑइलच्या बाबतीत डिपस्टिकवर विसंबून राहू नये. थोडेसे पाणी गरम ऑइलमध्ये मिसळले तर त्याची वाफ ब्रीदरवाटे निघून जाते आणि ऑइल स्वच्छच दिसते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट अगदी थोडा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि लायनरच्या ओ-रिंगमधून किंवा ऑइल कूलरमधून ते चेंबरमध्ये येत असेल, तर सुरुवातीला पाण्याचेच थेंब पडतात.

शेवटचे काम सर्वांत सोपे आहे, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. टाकीच्या झाकणाजवळून जी ओव्हरफ्लोची नळी खाली जाते, तिच्या तोंडाला पाण्याची रिकामी बाटली बांधा. बाटली हवाबंद करू नका, वरच्या बाजूला एक छिद्र ठेवा. कूलंट जर झाकणातून बाहेर फेकले जात असेल तर चालत्या गाडीत वाऱ्याने उडून जाते आणि उभ्या गाडीत त्याचा मागमूस राहत नाही.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. गार इंजिनावर १ बार दाब भरला असता अर्ध्या तासात तो ०.९ पर्यंत उतरला आणि कोमट इंजिनावरही तेवढाच उतरला. बाहेर कुठेही ओल किंवा डाग नाही. चेंबरच्या नटातून शुद्ध ऑइल आले. बाटली बांधली असून गाडी उद्या निघेल.

मात्र एक नवी गोष्ट लक्षात आली. इंजिन सुरू करून रेस वाढवली की टाकीत बुडबुडे येतात. हे पाहून गॅरेजवाल्यांनी गॅस्केटचा निष्कर्ष पक्का केला आहे.

उत्तर : वाहन देखभाल अधिकारी, माल वाहतूक, पुणे

बुडबुडे आले म्हणजे पाण्यात कोणता तरी वायू शिरत आहे, एवढेच सिद्ध होते. तो वायू सिलिंडरमधला आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठी रसायनाची चाचणी करावी लागते. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची काचेची नळी बसवून टाकीतील हवा त्यातून ओढतात. ज्वलनाचा वायू असेल तर त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे निळा रंग बदलून हिरवट-पिवळा होतो. डिझेल इंजिन नुसते आयडलिंगला असताना भरपूर जास्तीची हवा ओढत असते आणि त्याच्या धुरात हा वायू कमी असतो, म्हणून चाचणी वाढीव रेसवर आणि पुरेसा वेळ करावी, अन्यथा दोषी इंजिनही निर्दोष ठरते.

रंग बदलला तरीसुद्धा लगेच गॅस्केटला दोष देऊ नये. आपल्या गाडीत ईजीआर कूलर आहे आणि तो फुटला तरी हीच चाचणी हाच निकाल देते. गाडी लोडवर असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो आणि धूर पाण्यात शिरतो. गाडी बंद केल्यावर धुराचा दाब नाहीसा होतो, परंतु गरम पाण्याचा दाब काही काळ टिकून राहतो आणि मग त्याच भेगेतून पाणी धुराच्या बाजूला उतरते. एकदा धूर पाण्यात आणि एकदा पाणी धुराच्या मार्गात, असा हा प्रकार असल्यामुळे तो फार फसवतो. तपासायचे असेल तर कूलरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडाव्यात, ईजीआरचा धूराचा मार्ग बंद करावा आणि गाडी न चालवता जागेवरच बुडबुडे थांबतात का ते पाहावे. कूलर काढलाच तर त्याचे आतले तोंड पाहा. सर्वत्र काजळी असून एखादाच पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर भेग तिथेच आहे. हे पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये साचले आणि तशातच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून या शंकेचे निरसन लवकर करावे.

आणखी एक विचारतो. तीन महिने आपण वरून काय भरत होता? साधे पाणी भरत असाल तर हिशेब करून पाहा. पंचवीस लिटरच्या प्रणालीत अर्धे कूलंट आणि अर्धे पाणी असताना प्रत्येक फेरीला दोन लिटर मिश्रण जाऊन तेवढेच साधे पाणी आले, तर दहा फेऱ्यांत कूलंटचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर येते. ओल्या लायनरच्या इंजिनात ही गोष्ट गंभीर आहे. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर सतत कंप पावतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण उडतो. कूलंटमधील संरक्षक रसायने लायनरवर जो पातळ थर धरून ठेवतात तो विरळ झाला की काही काळाने लायनरला आरपार छिद्रे पडतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असल्यामुळे क्षार साचतात ते वेगळेच. कारण सापडेपर्यंत तयार मिश्रणच भरावे.

उत्तर : एअर ब्रेक दुरुस्ती, कराड

वरील दोन्ही उत्तरे अचूक आहेत. परंतु टाकीत वायू सोडू शकणारा आणखी एक भाग या इंजिनावर आहे आणि त्याचा उल्लेख अजून झालेला नाही. तो म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. त्याचे हेड याच कूलंटने गार होते. कॉम्प्रेसर सुमारे ८ बारपर्यंत हवा दाबतो आणि पाण्याचा दाब जेमतेम १ बार असतो. कॉम्प्रेसरच्या हेडचे गॅस्केट किंवा प्लेट फुटली तर हवा पाण्यात घुसणारच. ती साधी हवा असल्यामुळे निळ्या द्रावणाचा रंग मात्र बदलत नाही.

याची परीक्षा कोणतीही वस्तू न उघडता होते. हवेच्या सर्व टाक्या रिकाम्या करून इंजिन सुरू करा, रेस स्थिर ठेवा आणि कूलंटच्या टाकीकडे लक्ष द्या. दाब भरला की गव्हर्नर (हवेचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह) कॉम्प्रेसरला मोकळे सोडतो आणि ड्रायरमधून (ब्रेकच्या हवेतील ओल काढणाऱ्या भागातून) फुस्स असा आवाज येतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले आणि ब्रेक दाबून दाब उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर इंजिनाचे हेड गॅस्केट निर्दोष आहे. सिलिंडरमधील ज्वलनाला ब्रेकच्या हवेशी काही देणेघेणे नसते.

आपण चढावरच्या तापमानाबद्दल लिहिले आहे. कृपया उताराकडेही पाहा. भरलेली गाडी बोरघाट उतरताना ब्रेक वारंवार लागतात आणि कॉम्प्रेसरला जवळजवळ विश्रांतीच मिळत नाही. आपली बाटली लोणावळ्याला एकदा आणि खोपोलीला एकदा, अशी दोन ठिकाणी पाहण्यास चालकाला सांगा. गरम असताना टाकीचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू देऊ नका.

प्रश्नकर्ता

चार दिवसांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

चालकाने लोणावळ्याला बाटली पाहिली तेव्हा ती कोरडी होती. खोपोलीला तिच्यात एक लिटरपेक्षा थोडे जास्त कूलंट होते. येताना बोरघाट आणि खंबाटकी हे दोन्ही घाट लोखंड भरून चढले, तरी बाटलीत मोजण्यासारखे काही आले नाही. तीन महिने मी चढाचाच विचार करत होतो, कारण इंजिनावर ताण चढावर येतो हेच डोक्यात होते.

परत आल्यावर कराडच्या साहेबांनी सांगितलेली परीक्षा गॅरेजवाल्यांच्या समोर केली. ड्रायरचा आवाज आला आणि बुडबुडे थांबले. ब्रेक दाबून दाब उतरवला आणि ते पुन्हा सुरू झाले. पाच वेळा केले, पाचही वेळा तसेच झाले. निळ्या द्रावणाचा रंग बदलला नाही.

कॉम्प्रेसरचे हेड उघडले असता प्लेटला दोन बोल्टांच्या मध्ये भेग दिसली. उरलेले कूलंट कुठे जात होते तेही कळले. ड्रायरच्या तोंडाशी हिरवट डाग होते आणि पहिल्या हवेच्या टाकीचा कॉक उघडल्यावर कूलंटच्याच रंगाचे पाणी आले. प्लेट, गॅस्केट आणि ड्रायरचे कार्ट्रिज बदलले आहे. इंजिनाच्या हेडला हात लावलेला नाही. प्रमाणात केलेले नवे कूलंट पूर्ण भरून गाडी आज सकाळी साखर घेऊन निघाली आहे आणि बाटली अजून तशीच बांधलेली आहे.

उत्तर : एअर ब्रेक दुरुस्ती, कराड

कारण सापडले याचा आनंद आहे. एक काम मात्र राहिले आहे आणि ते पुढच्या फेरीच्या आधी करावे. कूलंट हवेच्या टाकीपर्यंत पोचले होते, म्हणजे ते पुढे ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्येही गेले असण्याची शक्यता आहे, आणि त्यातील रबरी सील त्यामुळे फुगून चिकटू शकतात. सर्व टाक्या पूर्ण निचरा करून घ्या, फूट व्हॉल्व्ह आणि रिले व्हॉल्व्ह उघडून तपासा आणि ब्रेक सोडल्यावर सर्व चाके एकाच वेळी मोकळी होतात का ते गाडी जॅकवर घेऊन पाहा. आजची फेरी सुरू झालेली असल्यास चालकाला फोन करून बोरघाट उतरण्यापूर्वी लोणावळ्याला गाडी थांबवून टाक्यांचे कॉक उघडण्यास सांगा. त्यातून रंगीत पाणी आले तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि व्हॉल्व्ह तपासून घेतल्याशिवाय ती घाटात उतरवू नका.